लोणंदला आधी उघडलं

"पप्पा, नलूआत्या आपल्याकडे का येत नाही?"

मी हे विचारलं आणि संस्थेतली टकटक एकदम थांबली. सकाळची बॅच होती. थर्टी स्पीडची परीक्षा देणारी मुलं मान खाली घालून बसली होती, त्यांचीसुद्धा बोटं जागच्या जागी थिजली. खिडकीबाहेर, पायरीच्या आडोशाला, तबस्सुम आणि गार्गी श्वास रोखून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. "तू एवढी धीट झालीयेस ना, मग पप्पांना हा एक प्रश्न सगळ्यांसमोर विचारून दाखव. भेळ आमच्याकडून." आणि मी त्या वर्षी खरंच धीट झाले होते. आठवीत होते, वक्तृत्वात ढाल मिळवली होती आणि मला वाटत होतं की जगात असा एकही प्रश्न नाही जो मोठ्याने विचारला की सुटत नाही!

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बॅच चालू आहे, ईश्वरी," ते म्हणाले. मग मुलांकडे वळले. "काय रे, सुट्टी झाली का? चला, परिच्छेद पहिल्यापासून."

टकटक परत सुरू झाली. भेळ मी जिंकले, उत्तर मात्र मिळालं नाही.

आता हा प्रश्न आला कुठून ते सांगते. आमची 'सुबोध टंकलेखन संस्था' फलटणमध्ये माझ्या आजोबांनी, अण्णांनी, सुरू केलेली. अर्ध्या फलटणची बोटं तिथे वळली. पण त्या वर्षी बॅचमध्ये रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या होत्या. बसस्टँडजवळ एका मोठ्या एसी क्लासची शाखा निघाली होती. तिथली मुलं घरी बसून मोबाइलवर सराव करायची. पप्पा म्हणायचे, "टायपिंग काय मोबाइलवर शिकतात होय?" पण रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचेही.

म्हणून मी ठरवलं, आपणही ऑनलाइन जायचं. गणपतीच्या सुट्टीत बसून, व्हिडिओ बघून बघून, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंचं डोकं खाऊन मी एक सराव करायचं पान बनवलं. वर उतारा, खाली टाइप करायचं, चूक झाली की अक्षर लाल. शेवटी स्पीड दिसायचा. पप्पांनी स्वतः बसून बघितलं. दोन उतारे टाइप केले. "बरं आहे," म्हणाले. आमच्या पप्पांचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्यांच्या पप्पांचं टाळ्या वाजवणं.

पण पानाचा पत्ता फुकटातला होता. इतका लांबलचक, की फळ्यावर लिहिला तर मुलं उतारा समजून टाइप करायला लागली असती. आपला स्वतःचा, सुटसुटीत पत्ता पाहिजे होता. मी, तबस्सुम आणि गार्गी, आम्ही तिघींनी मधल्या सुट्टीत किती नावं काढली!

"टकटक डॉट इन!" तबस्सुम म्हणाली.

"दार वाजवतंय असं वाटतं," गार्गी म्हणाली. "दहाबोटं डॉट कॉम?"

"माझा चुलता आठच बोटांनी करतो. त्याने काय करायचं?"

पप्पांनी सगळी नावं ऐकून घेतली आणि म्हणाले, "संस्थेचं नाव सुबोध आहे. पत्ताही सुबोधचाच पाहिजे. सुबोध टायपिंग डॉट इन. मिळत नसेल तर राहू दे सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. अण्णांनी ठेवलेलं नाव सोडून मला दुसऱ्या नावाने दुकान मांडायचं नाही."

आणि तो पत्ता कोणीतरी आधीच घेतलेला होता. 'पुढे फलटण जोडू या का' असं मी विचारलं तर म्हणाले, "आपल्याच नावाला शेपूट?"

तेव्हा मधल्या सुट्टीत तबस्सुमने सहज विचारलं, "तुमच्यात बाळाचं नाव कोण ठेवतं गं?"

"आत्या," गार्गी म्हणाली. "बारशाला आत्याच बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्रर्र करून. मग सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात."

"का?"

"का म्हणजे? असंच असतं."

"मग ईश्वरी, तुझ्या आत्याला विचार की."

मला एक आत्या होती, ती लोणंदला असते, एवढंच मला माहीत होतं. माझं नाव तिनेच ठेवलेलं, असं आई एकदा म्हणाली होती. पण मला कळायला लागल्यापासून ती आमच्या घरात कधी दिसली नव्हती, आणि तिचं नाव काढलं की पप्पा चष्मा पुसायला घ्यायचे. मी हे सांगितलं आणि मग त्या पैजेवर गोष्ट आली.

भेळ खाऊन घरी आले तर आई दारातच.

"काय विचारलंस गं तू पप्पांना?"

"बातमी आली पण?"

"संस्थेतून घरापर्यंत एकच भिंत आहे, ईश्वरी." आई हसली नाही, पण रागावलीही नाही. "तो पत्ता उघडून बघितलास का? जो घेतलेला आहे म्हणतेस तो."

खरं सांगते, मी बघितला नव्हता. 'उपलब्ध नाही' असं आलं की मी पुढच्या नावाकडे पळत होते. आईच्या समोर मोबाइलवर उघडला. पांढरं पान. वर 'सुबोध टायपिंग', खाली 'लवकरच' आणि त्याखाली एक मोबाइल नंबर. बाकी काही नाही.

आईने नंबर बघितला. वाचला नाही, नुसता बघितला.

"वन्संचा आहे," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"तुझ्या आत्याचा. मला पाठ आहे."

माझी आई, जी स्वतःचा आधार नंबर विचारला की पाकीट शोधते, तिला आत्याचा नंबर पाठ होता!

मग स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, आईने मला सांगितलं. आत्या लग्नाआधी संस्थेत शिकवायची. पप्पांनाही टायपिंग तिनेच शिकवलेलं. लग्न होऊन लोणंदला गेली, तिथे तिने घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला आणि बाहेर बोर्ड लावला, सुबोध टंकलेखन. आजोबा तेव्हा नुकतेच गेले होते. पप्पा लोणंदला गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, अक्का, तू आता शिंद्यांची. सुबोध रणवऱ्यांचं आहे. आत्याने बोर्ड उतरवला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने फलटणला पाठवून दिला.

"म्हणजे तो... कपाटामागचा?"

आईने मान हलवली.

संस्थेत कपाटाच्या मागे एक पत्र्याचा बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा असायचा. मी लहानपणापासून तो बघत होते. मला वाटायचं, जुना, मोडका असेल. फक्त एक गोष्ट मला कधी कळली नव्हती. दसऱ्याला आम्ही सगळी मशीन आणि कॉम्प्युटर पुसून झेंडूच्या माळा घालतो, कुंकू लावतो. पप्पा त्या दिवशी एक झेंडूचं फूल त्या उलट्या बोर्डाच्या खिळ्यालाही अडकवायचे. दरवर्षी. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "तेही संस्थेचंच सामान आहे."

रात्री जेवताना मी पप्पांना सरळ सांगितलं की पत्ता आत्याकडे आहे. घास तोंडाकडे नेताना त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तो खाल्ला.

"तो आपल्याला मिळू शकतो?"

"मालकाने एक कोड दिला तर आपल्या नावावर करता येतो."

"मग तू जा. तुला देईल ती." आणि थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, "माझं काही सांगू नकोस. कोड घे आणि ये."

"अहो, तुम्हीच एक फोन..." आई म्हणाली.

"भात वाढ," पप्पा म्हणाले.

रविवारी मी आणि तबस्सुम लोणंदच्या एसटीत बसलो. आईने डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली होती आणि बजावून सांगितलं होतं, "माझ्याकडून म्हणून सांग." तरडगाव येईपर्यंत मी काय बोलायचं याची तबस्सुमसमोर तीनदा तालीम केली. "आदरणीय आत्या" असं मी सुरू केलं, तर ती खिडकीबाहेर बघून इतकी हसली की कंडक्टरने वळून बघितलं.

आत्याचं घर शोधावं लागलं नाही. टकटक ऐकू आली तिकडे गेलो. पुढच्या खोलीत मुली बसलेल्या, आणि त्यांच्या मागून एक उंच, बारीक बाई हातात फूटपट्टी घेऊन फिरत होती. दारावर बोर्ड नव्हता. भिंतीवर दोन रिकामे खिळे होते.

"कोण पाहिजे?"

माझी तालीम हवेत गेली. "मी ईश्वरी. फलटणची."

आत्याने माझ्याकडे बघितलं. फूटपट्टी टेबलावर ठेवली. मला वाटलं आता रडेल, मिठी मारेल, सिरियलसारखं काहीतरी होईल. ती म्हणाली, "बस त्या खुर्चीत. टाइप करून दाखव."

मी बसले. एवढी भीती मला वक्तृत्वातही वाटली नव्हती. अर्धा परिच्छेद झाल्यावर तिने थांबवलं.

"बोटं रणवऱ्यांची. पाठ मात्र उसाच्या ओझ्याखाली वाकल्यासारखी. सरळ बस. तुझ्या बापालाही हेच सांगून सांगून माझा घसा बसला होता." मग तबस्सुमकडे वळून, "आणि तू कोण?"

"मैत्रीण. तबस्सुम मुजावर. मी फक्त सोबत आलेय, मला टाइप करायला लावू नका."

आत्या हसली. हसली तर हुबेहूब पप्पा! पप्पा फार कमी हसतात, म्हणून मला ओळखायला एक क्षण लागला.

मुलींना सुट्टी देऊन तिने आम्हाला आत नेलं, पोहे केले. चटणीचा डबा उघडून आधी नुसता वास घेतला. मी माझं पान दाखवलं. तिने चष्मा लावला आणि सगळा उतारा टाइप केला. शेवटी स्क्रीनवर जो स्पीड आला तो बघून तबस्सुम म्हणाली, "ईश्वरी, तुझं पान बिघडलंय."

"बिघडलं नाही," आत्या म्हणाली. "पण जोडाक्षर चुकलं तर मागे जाऊ देतेस, ते बंद कर. परीक्षेत जाऊ देत नाहीत." मग चष्मा काढून पुसला. "तू कशाला आलीस ते सांग आता. चटणी द्यायला नाही आलीस."

मी सांगितलं. पत्ता, कोड, पप्पांच्या नावावर. मला वाटलं ती चिडेल. ती उठली, मोबाइल घेऊन आली, खाटेवर बसली आणि काहीतरी दाबत राहिली. थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर मेसेज आला. अक्षरं आणि आकड्यांची लांब माळ.

"हा घे कोड. झालं?"

इतकं सोपं! मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण काहीतरी बरोबर वाटत नव्हतं.

"आत्या, तू तो घेतलास कशाला? काहीच तर केलं नाहीस त्याचं."

"रागाने घेतला. बोर्ड पाठवला त्याच आठवड्यात. म्हटलं, दारावरचं नाव तुझं, तर हे माझं. बघतेच." ती खिडकीकडे बघत होती. "मग राग गेला. पण दरवर्षी मेसेज यायचा, मुदत संपतेय, वाढवायची का? सोडून दिला असता तर दुसऱ्या कोणी घेतला असता. म्हणून वाढवत राहिले."

"कोणी मागितला नाही?"

"एकदा मागितला. पुण्याचा माणूस होता, मोठा क्लास आहे त्याचा. त्याने फोन केला, मागाल ते देतो म्हणाला."

"मग?"

"मग काय? त्याला म्हटलं, हे माझ्या भावाचं आहे. मी विकू शकत नाही."

तबस्सुमने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मी बोर्डाची गोष्ट सांगितली. दसऱ्याचं फूल, उलटा बोर्ड, खिळा. आत्याने पूर्ण ऐकलं. मग उठली आणि आमच्या रिकाम्या प्लेटा घेऊन आत गेली. प्लेटा दोनच होत्या, पण धुवायला तिला बराच वेळ लागला.

बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "आत्या, पत्ता कोणाचा आहे आणि पान कोणाचं आहे, हे एकच असावं लागतं का?"

"नाही गं. पत्ता म्हणजे नुसता पत्ता. तो कुठे न्यायचा ते ज्याच्या हातात आहे तो ठरवतो. इथे तुझ्या पानाचा आकडा, म्हणजे आयपी नंबर, टाकला की लोक सुबोधच्या दारातून तुझ्या घरात येतील."

"मग टाक की आकडा! कोडचं काय काम?"

"विल्याला, तुझ्या बापाला, त्याच्या नावावर पाहिजे ना?"

"पप्पांना सुबोधचा पत्ता पाहिजे. मिळतोय." मी मोबाइलमधून माझ्या पानाचा आकडा काढला. "आणि आमच्यात नाव आत्याच ठेवते."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तो आकडा टाइप केला. चारी तुकडे, मधली टिंबं, न बघता. शेवटचं बटण दाबायच्या आधी ती मोबाइलवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "सुबोध." आणि मग, "कुर्रर्र."

"आता धपाटा ना?" तबस्सुम म्हणाली, आणि कोणी हो म्हणायच्या आत तिने आत्याच्या पाठीत असा काही धपाटा घातला, की आत्या खोकलीच.

"अगं बये! हळू घालतात!"

"मला काय माहीत? आमच्यात नसतं!"

आम्ही तिघी किती हसलो! हसणं थांबल्यावर आत्या म्हणाली, "लगेच उघडणार नाही हं. ही खबर जगभर पोचायला वेळ लागतो. कुठे आधी पोचते, कुठे उशिरा."

निघताना मी तिला आणखी एक गोष्ट विचारली. तिने लगेच उत्तर दिलं नाही. एसटी हलली तेव्हा खिडकीशी येऊन दिलं.

संध्याकाळी मी घरात पाय ठेवते न ठेवते तोच पप्पांनी संस्थेतल्या कॉम्प्युटरवर पत्ता उघडलेला. आई दाराशी उभी होती. स्क्रीनवर तेच पांढरं पान. सुबोध टायपिंग. लवकरच. तोच नंबर.

"हे तर तसंच आहे," पप्पा म्हणाले. त्यांनी पान परत परत उघडलं. तसंच. "दिलाच नाही ना तिने कोड? मला माहीत होतं."

"दिला, पप्पा."

"मग?"

तेवढ्यात संस्थेचा फोन वाजला. पप्पांनी सवयीने उचलला.

"हॅलो, सुबोध टंकलेखन."

पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. पप्पांचा चेहरा मात्र दिसत होता. ते हळूहळू खुर्चीवर बसले.

"हो," ते म्हणाले. "बोल, अक्का."

आई माझा हात धरून उभी होती, आणि घट्ट धरून होती.

"तुझ्याकडे उघडलं? पूर्ण? उताराही दिसतोय?" पप्पा स्क्रीनकडे वळले. "आमच्याकडे नाही अजून. इथे तुझाच नंबर येतोय." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांची नजर कपाटाकडे गेली. "हो, आहे तो बोर्ड. गंज नाही लागू दिला." चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच राहिला. "नाही, बसतो थांबून. येईल म्हणतेस ना, मग येईल." आणि मग, फोन ठेवायच्या अगदी आधी, "तू... जेवलीस का?"

फोन ठेवला. पप्पांनी एकदा पान परत उघडून बघितलं. लवकरच.

"तिच्याकडे उघडलं," ते आईला म्हणाले, जणू आईने ऐकलंच नव्हतं. "लोणंदला आधी उघडलं." मग माझ्यासमोर हात पुढे केला. "दे तो कोड. नावावर करून टाकू, म्हणजे तिला दरवर्षी कटकट नको."

मोबाइल माझ्या हातात होता. मी मेसेज उघडला. ती लांब माळ एकदा बघितली, आणि पुसून टाकली.

"ईश्वरी!"

"पप्पा, आई, दोघंही ऐका. मी ठरवलंय. पान आपलं, पत्ता आत्याचा, हे असंच राहणार. मुदत संपत आली की, पप्पा, तुम्ही स्वतः तिला फोन करायचा आणि म्हणायचं, अक्का, तेवढं वाढव. दरवर्षी. मी करणार नाही, आईही करणार नाही. आणि तो बोर्ड मी आत्ता सरळ करणार आहे, कारण येत्या दसऱ्याला त्याला माळ आत्या घालणार आहे. विचारू का वगैरे नाही. बोलावून झालंय, आणि ती येते म्हणालीये."